शिअर वॉलच्या टोकाचा कॉलम: मॉडेलमध्ये वेगळा धरायचा की भिंतीचाच भाग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिअर वॉलच्या, म्हणजे भूकंपासारखे आडवे बल पेलणाऱ्या काँक्रीट भिंतीच्या, दोन्ही टोकांना कॉलम आहेत. भिंत शेल एलिमेंटने (पातळ पृष्ठभागाच्या तुकड्यांनी) आणि कॉलम फ्रेम एलिमेंटने (एका रेषेने) दाखवले, की सॉफ्टवेअर त्या कॉलममध्ये भरमसाट स्टील मागते, कधी कधी तर कॉलम ताणात जातो. कॉलम काढून नुसती भिंत ठेवली, तर सगळे सुरळीत दिसते. यातले खरे कोणते? आणि कॉलम भिंतीला चिकटलेला नसून मीटर-सव्वा मीटरवर उभा असेल, तर काय करायचे?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावून घ्या: साइटवर भिंत आणि कॉलम मिळून एकच काँक्रीट होणार आहे का? दोन्ही एकत्र ओतले जाणार असतील आणि भिंतीच्या आडव्या सळया कॉलमच्या गाभ्यात शिरून तिथे पुरेशा अँकर होणार असतील, तर तिथे कॉलम म्हणून वेगळे काही उरत नाही. ते भिंतीचे जाड झालेले टोक आहे, प्लॅनवर त्याला कॉलमचा नंबर दिलेला असला तरी. भिंत वाकते तेव्हा एक टोक दाबले जाते, दुसरे ओढले जाते आणि भिंत व कॉलम यांच्या सांध्यावर उभा शिअर, म्हणजे एकाला दुसऱ्यावरून सरकवू पाहणारे बल, वाहतो. तो शिअर पेलण्याची सोय सांध्यात असेल तर दोघे मिळून एक सेक्शन. मध्ये जॉइंट सोडला असेल, किंवा भिंत मागाहून भरली जाणार असेल आणि सांध्यातून सळया जात नसतील, तर ते दोन वेगळे घटक. ‘थोडेसे एकत्र’ अशी मधली अवस्था मॉडेलमध्ये आणू नका. तिचे उत्तर तपासता येत नाही.

पुढचे बहुतेक विवेचन पहिल्या, म्हणजे एकसंध प्रकाराबद्दल आहे.

उदाहरणादाखल एक भिंत घेऊ. बाहेरून बाहेर लांबी ६ मीटर, जाडी २५० मिमी, दोन्ही टोकांना ६०० × ६०० मिमीचे कॉलम. कॉलमच्या मध्यांमधले अंतर ५.४ मीटर, दोन कॉलमच्या आतल्या बाजूंमधली भिंत ४.८ मीटर. खऱ्या सेक्शनचे क्षेत्रफळ १.९२ चौरस मीटर आणि मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वाकण्याला विरोध करणारा सेक्शनचा आकडा, ७.५७ (एकक मीटरचा चौथा घात; पुढेही तेच). कॉलम नसते आणि ६ मीटरची सरळ २५० मिमी भिंत असती, तर इनर्शिया ४.५ भरला असता. म्हणजे टोकाचे कॉलम भिंतीची स्टिफनेस (ताठपणा) जवळजवळ पावणेदोन पट करतात. कॉलम काढून टाकलेले मॉडेल सुरळीत दिसते ते यामुळेच. स्टिफनेस कमी झाली की भूकंपाचे बल त्या भिंतीकडे कमी येते आणि इमारतीतल्या दुसऱ्या कोणावर तरी जाते. प्रत्यक्षात ते तिथे जाणार नाही.

आता आपण सहसा काय करतो ते पाहा. ग्रिडलाइन कॉलमच्या मध्यातून जाते, म्हणून शेल एका कॉलमच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत काढले जाते आणि त्याच रेषांवर फ्रेम कॉलम उभे केले जातात. कॉलमच्या आतल्या अर्ध्या भागातले ३०० × २५० मिमी काँक्रीट त्यामुळे दोनदा मोजले जाते, एकदा शेलमध्ये आणि एकदा कॉलममध्ये. या मॉडेलचा इनर्शिया ८.५५ येतो, म्हणजे १३ टक्के जास्त. क्षेत्रफळ २.०७, म्हणजे सुमारे ८ टक्के जास्त, आणि स्वतःचे वजनही त्याच प्रमाणात वाढलेले. उपाय सोपा आहे. कॉलमच्या ०.३६ चौरस मीटरमधून ०.०७५ वजा करा, उरते ०.२८५, म्हणून कॉलमला एरिया मॉडिफायर (सॉफ्टवेअर क्षेत्रफळाला ज्याने गुणते तो आकडा) ०.७९ द्या, वजन आणि मास यांनाही तोच. मग क्षेत्रफळ बरोबर १.९२ येते आणि इनर्शिया ७.४६, खऱ्यापेक्षा दीड टक्का कमी. एवढा फरक मला चालतो. कॉलम लहान आणि भिंत जाड असेल तर मात्र हे प्रमाण पुन्हा मोजा. २५० मिमी भिंतीच्या टोकाला ३०० × ३०० चा कॉलम असेल तर दुबार मोजलेला भाग कॉलमच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भरतो. अशा वेळी कॉलम फ्रेमने दाखवण्यातच अर्थ नाही.

ही भिंत इमारतीच्या मॉडेलमध्ये घालण्याआधी एकटी उभी करून तपासा. उंची ३० मीटर, तळ पूर्ण फिक्स, माथ्यावर १००० किलोन्यूटन आडवे बल, काँक्रीटचा ई (लवचिकता गुणांक) २५,००० मेगापास्कल, सगळे मॉडिफायर १. कॅन्टिलिव्हरच्या सूत्राने वाकण्यामुळे ४७.५ मिमी आणि शिअरमुळे साधारण २ मिमी, म्हणजे एकूण ५० मिमीच्या आसपास सरकले पाहिजे. ४४ च्या जवळ आले तर काँक्रीट दुबार मोजले गेले आहे. ११० च्या पुढे गेले तर कॉलम आणि भिंत उभ्या दिशेने जोडलेलेच नाहीत, नुसती भिंत वाकते आहे. ५० आणि ११० यांच्या मध्ये कुठेतरी उत्तर अडकले, तर जोडणी काही नोडवर (एलिमेंट जिथे एकमेकांना जोडले जातात त्या बिंदूंवर) आहे आणि काहींवर नाही.

हा शेवटचा प्रकार फार आढळतो. कॉम्प्युटरला काँक्रीट दिसत नाही, फक्त नोड दिसतात. भिंत एका मजल्यात चार ओळींत मेश केली, म्हणजे लहान तुकड्यांत विभागली, आणि कॉलम मात्र मजल्यापासून मजल्यापर्यंत एकच मेंबर ठेवला, तर मधले तीन नोड फक्त भिंतीचे राहतात. मजल्याच्या मध्ये भिंतीची कड कॉलमच्या बाजूने मोकळी हलते. स्टाड या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम त्या प्रत्येक नोडवर तोडून घ्यावा लागतो. इटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचे आपोआप विभाजन आणि कडांचे कन्स्ट्रेंट यांमुळे हे बहुधा सांभाळले जाते, पण विश्वासावर सोडू नका. विकृत आकार मोठा करून भिंतीची कड आणि कॉलम बरोबर हलतात का ते डोळ्यांनी पाहा. मेशबद्दल एवढेच: भिंतीच्या लांबीत किमान चार एलिमेंट, चौकोन फार लांबट नकोत, आणि मेश दुप्पट बारीक करून माथ्याचे सरकणे दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त बदलत नाही ना, ते बघा.

आता तडकलेल्या काँक्रीटची कमी झालेली स्टिफनेस दाखवणारे मॉडिफायर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त चुकीची उत्तरे इथूनच निघतात.

इटॅब्समध्ये अक्ष बदलले नसतील तर भिंतीचा स्थानिक अक्ष २ उभा असतो. भिंतीचे तिच्या स्वतःच्या पातळीतले वाकणे हे शेलच्या दृष्टीने उभे दाबणे आणि ओढणे आहे, म्हणून ते एफ-२२ वर, म्हणजे शेलच्या उभ्या दिशेच्या मॉडिफायरवर, ठरते. एम-११ आणि एम-२२ हे पातळीबाहेरच्या, म्हणजे स्लॅबसारख्या वाकण्याचे आकडे. भिंत तडकलेली धरायची म्हणून केवळ एम-२२ ला ०.३५ दिले, तर भूकंपाच्या दिशेने ती भिंत आहे तशी पूर्ण स्टिफनेसचीच राहते. अशी मॉडेले तपासणीला वारंवार येतात, आणि ती करणाऱ्याला आपण तडे धरलेत अशी खात्री असते.

कॉलमच्या बाबतीत तीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. आयएस १८९३ या भारतीय भूकंप-संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमच्या इनर्शियाला ०.७० आणि बीमच्या इनर्शियाला ०.३५ देण्याची सवय आपल्याला आहे. पण भिंतीच्या टोकाच्या कॉलमचा स्वतःचा इनर्शिया आपल्या उदाहरणात फक्त ०.०१०८ आहे. त्याचे सारे योगदान क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग यातून येते आणि तो आकडा २.०८ आहे. इनर्शियाला ०.७ लावा नाहीतर ०.१, काहीही बदलत नाही. तिथे स्टिफनेस एरियातून येते.

म्हणून काय होते ते पाहा. एसीआय ३१८ या अमेरिकन काँक्रीट-संहितेत न तडकलेल्या भिंतीला ०.७० आणि तडकलेल्या भिंतीला ०.३५ असे गुणक आहेत. समजा तुम्ही मधला आकडा घेऊन शेलच्या एफ-२२ ला ०.५ दिले आणि कॉलमचा एरिया तसाच ठेवला. माथ्यावरच्या १००० किलोन्यूटनमुळे तळाशी ३०,००० किलोन्यूटन-मीटर मोमेंट आहे. मॉडिफायर नसताना टोकाच्या प्रत्येक कॉलममध्ये त्यामुळे सुमारे ३१०० किलोन्यूटन अक्षीय बल येत होते, एकीकडे दाब आणि दुसरीकडे ताण. एफ-२२ ०.५ केल्यावर ते ३९७० होते. मोमेंट तेवढाच, काँक्रीट तेच, पण कॉलमवरचे बल अठ्ठावीस टक्के वाढले, कारण भिंत मऊ झाली आणि कॉलम ताठ राहिला. भरमसाट स्टीलचे एक कारण हे असते. एकसंध सेक्शन तडकतो तेव्हा तो एकसंध तडकतो. जो गुणक एफ-२२ ला, तोच कॉलमच्या एरियालाही लावा, दुबार मोजणीच्या ०.७९ वर गुणून. उभ्या भाराखाली मात्र एरिया कमी केल्याने कॉलमचे आखडणे वाढून दिसते, म्हणून उभ्या भारासाठी आणि आडव्या बलासाठी वेगळी मॉडेले ठेवणे मला जास्त सुरक्षित वाटते.

मॉडेल बरोबर झाले तरी आकडे कसे वाचायचे हा प्रश्न उरतो. फ्रेम कॉलममधून येणारा मोमेंट आणि शिअर यांना स्वतंत्र अर्थ नाही. तो मोमेंट म्हणजे भिंत जेवढी वाकली तेवढे कॉलमला वाकावे लागले एवढेच. अक्षीय बलाला अर्थ आहे, पण तो संपूर्ण सेक्शनच्या मोमेंटचा तुकडा म्हणून. त्या तुकड्यावर कॉलमचे डिझाइन वेगळे आणि उरलेल्यावर भिंतीचे वेगळे केले, तर भिंतीतल्या उभ्या सळयांचा आणि भिंतीवरच्या उभ्या भाराचा कॉलमच्या ताणाला होणारा फायदा हातचा जातो. म्हणून भिंतीचे शेल आणि टोकाचे दोन्ही कॉलम यांना एकच पिअर लेबल (सगळ्यांना एक भिंत म्हणून मोजायला लावणारे नाव) द्या. इटॅब्समध्ये फ्रेमलाही पिअर लेबल देता येते आणि मग सगळ्यांची बेरीज होऊन एक अक्षीय बल, एक मोमेंट, एक शिअर मिळतो. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम सेक्शन कट करतो. मिळालेल्या बलांवर डंबेलच्या आकाराचा पूर्ण सेक्शन, त्यातल्या खऱ्या सळयांसह, सेक्शन डिझायनरमध्ये तपासा. शिअरसाठी मात्र फक्त वेबची, म्हणजे मधल्या भिंतीची, जाडी धरा, कॉलमची रुंदी नको.

यानंतरही एक स्वतंत्र तपासणी टोकाला लागतेच. आयएस १३९२० या भूकंपरोधक डिटेलिंगच्या संहितेप्रमाणे, फॅक्टर्ड (सुरक्षिततेसाठी वाढवलेल्या) बलांखाली पूर्ण सेक्शनच्या कडेचा दाबाचा स्ट्रेस काँक्रीटच्या ताकदीच्या ०.२ पटीपेक्षा जास्त गेला तर बाउंडरी एलिमेंट, म्हणजे रिंगांनी बांधलेले मजबूत टोक, द्यावे लागते, आणि तो ०.१५ पटीखाली येईल त्या उंचीवर ते थांबवता येते. आपल्या भिंतीत ३०,००० किलोन्यूटन-मीटरला, कोणताही फॅक्टर न लावता आणि उभा भार न धरता, कडेला सुमारे ११.९ मेगापास्कल येतात. एम-२५ काँक्रीटची (ताकद २५ मेगापास्कल) मर्यादा ५ आहे. तेव्हा त्या ६०० × ६०० मध्ये कमी अंतरावर रिंगा आणि क्रॉसटाय (आडवे बांधणारे हुक) हव्यातच. २०१० च्या चिली भूकंपात कित्येक बारीक भिंतींची टोके नेमकी अशीच चिरडली. उभ्या सळया बाहेर फुगल्या, कारण त्यांना धरून ठेवणाऱ्या पुरेशा रिंगा नव्हत्या. कॉलम म्हणा की टोक म्हणा, दाबाखालचे काँक्रीट बांधून ठेवावे लागते.

फ्रेम आणि शेल ही जोडी घ्यायची की सगळेच शेल? कॉलमची रुंदी भिंतीच्या जाडीच्या दीडपटीपर्यंत असेल तर मी सरळ सगळे शेल घेतो आणि टोकाच्या कॉलमएवढ्या लांबीच्या पट्टीला कॉलमची जाडी देतो. दुबार मोजणीचा प्रश्नच येत नाही. कॉलम बराच मोठा असेल, किंवा वर भिंत संपल्यावर कॉलम एकटा पुढे जात असेल, तर फ्रेम आणि शेल. भिंत वरून सुरू होऊन खाली फक्त कॉलमवर टेकत असेल, तर मॉडेलिंगच्या आधी आर्किटेक्टशी बोला आणि भिंत पायापर्यंत नेता येते का ते पाहा. कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोची सहा मजली इंपीरियल काउंटी सर्व्हिसेस बिल्डिंग १९७९ च्या भूकंपात अशाच रचनेमुळे गेली: पूर्वेकडची शिअर वॉल वरच्या मजल्यांवर होती, तळमजल्यावर नव्हती, आणि तिचा सगळा उलथवणारा मोमेंट तळमजल्याच्या कॉलममध्ये अक्षीय बल होऊन उतरला. ते कॉलम चिरडले. पर्यायच नसेल तर खालच्या कॉलमचा फ्रेम मेंबर किमान एक मजला वर भिंतीच्या आत न्या. शेलच्या एका नोडला टोकावर टोक जोडले, तर मोमेंट नीट उतरत नाही.

बीम भिंतीला येऊन मिळतो तिथेही तीच अडचण आहे. भिंतीच्याच पातळीतला बीम शेलच्या एका नोडला जोडला, तर त्याचा मोमेंट त्या नोडच्या पातळीतल्या फिरण्यावर सोडला जातो. शेलची तिथली स्टिफनेस भरवशाची नाही आणि मेश बदलला की उत्तरही बदलते. बीम एक-दोन एलिमेंट भिंतीच्या आत नेऊन प्रत्येक नोडला जोडला की प्रश्न सुटतो. टोकाला फ्रेम कॉलम असेल तर ही अडचण बरीच कमी होते, हा त्या जोडीचा एक खरा फायदा आहे.

आता मीटर-सव्वा मीटरवरचा स्वतंत्र कॉलम. मला ही रचना चिकटलेल्या कॉलमपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण ती प्लॅनवर निरुपद्रवी दिसते. ६ मीटरच्या भिंतीपासून १.२ मीटर मोकळ्या अंतरावर कॉलम आणि मध्ये बीम, असे समजा. भिंत ५०० ला १ ने झुकली, तर तिची कड ३ मीटर गुणिले तेवढा कोन, म्हणजे ६ मिमी वर उचलली जाते किंवा खाली दबते. कॉलम तसा हलत नाही. हा फरक १.२ मीटरच्या बीमला गिळावा लागतो, वर भिंतीचा स्वतःचा कोन आहेच. बीमचा कोन १४३ ला १ होतो, भिंतीच्या साडेतीन पट. स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलुर खान यांनी स्बारूनिस यांच्यासह १९६४ मध्ये भिंत आणि फ्रेम यांच्या एकत्रित वागण्यावर जे काम मांडले, त्याचा गाभा असा की भिंत कॅन्टिलिव्हरसारखी वाकते, फ्रेम मजल्यागणिक शिअरने सरकते, आणि दोघांना जोडणाऱ्या भागांत ही तफावत बल होऊन उतरते. इथे ती सगळी तफावत एका आखूड बीममध्ये साचते. त्याला साधा बीम समजून ०.३५ देऊन पुढे जाऊ नका. तो कपलिंग बीम, म्हणजे दोन ताठ घटकांना जोडून त्यांच्यातली तफावत पेलणारा बीम, आहे. लांबी खोलीच्या दुप्पट किंवा कमी असेल तर तिरक्या सळयांचा विचार करावा लागतो आणि त्याचा शिअर कॉलममध्ये अक्षीय बल म्हणून मजल्यामागून मजला जमा होत जातो.

याच बीमवर उभ्या भाराचेही एक खोटे बल येते. समजा तळाशी कॉलममध्ये ८ मेगापास्कल आणि भिंतीत ४ मेगापास्कल आहे, माथ्यावर दोन्ही शून्य. ३० मीटर उंचीत माथ्याशी आखडण्यातला फरक सुमारे २.४ मिमी येतो. ३०० × ६०० च्या बीमला, दोन्ही टोके फिक्स आणि पूर्ण स्टिफनेस धरून, एवढ्या फरकाने नुसत्या सूत्राप्रमाणे १३५० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. तो बीम त्याला पुरणे शक्य नाही. पण प्रत्यक्षात प्रत्येक मजला लेव्हलला ओतला जातो, खालचे आखडणे तोवर होऊन गेलेले असते. सगळा भार एकदम लावणाऱ्या विश्लेषणाला हे कळत नाही. म्हणून इथे मजल्यागणिक बांधकामाचा क्रम धरणारे विश्लेषण आवश्यक आहे. मात्र दीर्घकालीन क्रीपमुळे (सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू आखडत जाण्यामुळे) वाढणारा फरक हा खरा असतो, तो उडवू नका. शक्य असेल तर कॉलम भिंतीतच मिळवून टाका, किंवा मधला बीम काढून स्लॅबवर काम भागवा. आखूड बीम ठेवून त्याच्याशी झगडण्यापेक्षा मला हे दोन्ही मार्ग बरे वाटतात.

दोन छोट्या गोष्टी. रिजिड डायफ्रॅम लावला, म्हणजे स्लॅब तिच्या पातळीत पूर्ण ताठ धरली, की भिंत आणि कॉलम यांना जोडणाऱ्या बीममधले अक्षीय बल शून्य दिसते; भिंतीकडे बल ओढून आणणारा कलेक्टर तपासायचा असेल तर डायफ्रॅम सेमी-रिजिड करा. दुसरे, पाया. भिंत पूर्ण फिक्स धरली तर ती जवळजवळ सगळे बल खेचते. मातीच्या स्प्रिंगवर ठेवली की ती थोडी फिरते आणि शेजारच्या कॉलमचा वाटा वाढतो. फिक्स आणि स्प्रिंग अशा दोन्ही गृहीतकांनी मॉडेल चालवून, भिंतीसाठी एकाचे आणि कॉलमसाठी दुसऱ्याचे मोठे आकडे घ्या.

ड्रॉइंगमध्ये मग एकसंध टोकाचा कॉलम कॉलम शेड्यूलमधून काढा आणि भिंतीच्या डिटेलमध्ये दाखवा: भिंतीच्या आडव्या सळया कॉलमच्या रिंगांच्या आत, लांबच्या बाजूपर्यंत नेऊन हुकने अँकर केलेल्या, आणि भिंत व कॉलम यांच्यामध्ये उभा कन्स्ट्रक्शन जॉइंट घेऊ नये अशी स्पष्ट सूचना. शेड्यूलमध्ये तो राहिला तर साइटवर कॉलम आधी ओतला जातो आणि भिंत नंतर, मग सांध्यातून जो उभा शिअर जाईल असे आपण मॉडेलमध्ये धरले होते, तो जाण्याची खात्री राहत नाही.